आमच्या शेजारचे मालक

परवा शुक्रवारी रिलीज कॉल सुरू व्हायला अजून दहा मिनिटं होती. पलीकडे इंग्लंडातून क्लायंटकडचे एक टेस्टर आधीच येऊन बसले होते. पन्नाशीचे, लँकशायरचे. मी मनातल्या मनात त्यांना काकाच म्हणतो. हवापाण्याच्या गप्पा संपल्या (तिकडे पाऊस, इकडे पाऊस), तसं काकांनी विचारलं, "पुण्यात तू नक्की राहतोस कुठे?" म्हटलं, सिंहगड रोडला. जरा शांतता. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या मालकांच्या शेजारी."

ट्यूब पेटायला दोन सेकंद लागली. काका ब्लॅकबर्न रोव्हर्सवाले. आणि रोव्हर्सचे मालक म्हणजे आपले वेंकीज. वेंकटेश्वरा हॅचरीज, चिकनवाले, ज्यांच्या ऑफिसवरून मी रोज बाईकने जातो.

ज्यांना फुटबॉलशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचं जुनं गाव. क्लब १८७५ चा, आणि १८८८ साली ज्या बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग काढली त्यातला एक. पुढे बरीच वर्षं कोणी फारसं विचारत नव्हतं. मग १९९१ मध्ये जॅक वॉकर नावाच्या तिथल्याच पोलादवाल्याने क्लब हातात घेतला. केनी डॅलग्लिश मॅनेजर आला, १९९२ मध्ये ३३ लाख पौंडांना ॲलन शिअरर आला, आणि १९९५ मध्ये या गावाने चक्क प्रीमियर लीग जिंकली. शेवटच्या दिवशी ते लिव्हरपूलकडून हरले होते, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत अडकवलं! वॉकर २००० साली गेला. त्याच्या ट्रस्टने दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, क्लब वेंकीजना विकला. किंमत २ कोटी ३० लाख पौंड, वर क्लबवरचं कर्ज.

आता माझी कबुली. ऑक्टोबर २०११ मध्ये रोव्हर्स पुण्यात आले होते, बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळायला. मी नववीत. बाबांच्या मागे लागून गेलो होतो. प्रीमियर लीगमधली माणसं आपल्या बालेवाडीत घाम गाळतायत, हे बघून मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. नंतर कितीतरी दिवस वर्गात सांगत फिरत होतो की प्रीमियर लीगमध्ये आमच्या पुण्याची पण एक टीम आहे. आमच्या पुण्याची! तेव्हा तिकडे ईवूड पार्कवर लोक मॅनेजर स्टीव्ह कीनला घालवा म्हणून ओरडत होते, हे मला कुठे माहीत.

कीन आला कसा? क्लब घेतल्यावर महिनाही व्हायच्या आत वेंकीजनी सॅम ॲलरडाईसला काढलं. टीम तेव्हा तेराव्या नंबरवर होती. फार भारी नाही, पण बुडतही नव्हती. मंडळी, आपल्याकडे साध्या मोड्यूलचा लीड बदलायचा म्हटला तरी चार आठवडे केटी चालते. इथे चालू प्रॉडक्शन सिस्टिमवरचा माणूस काढला, आणि त्याच सुमारास रोनाल्डिन्योला आणायच्या गोष्टी चालल्या होत्या. च्यायला, सर्व्हर डाऊन होणारच की. ७ मे २०१२ ला विगनविरुद्ध भर सामन्यात कोणीतरी क्लबच्या रंगांत गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. रोव्हर्स हरले आणि प्रीमियर लीगमधून बाहेर पडले. पुढच्या हंगामात हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला, मायकल ॲपलटन ६७. आणि बरोबर पाच वर्षांनी, ७ मे २०१७ ला, तिसऱ्या पायरीवर घसरण. प्रीमियर लीग जिंकून पुढे तिथवर खाली आलेला हा पहिलाच क्लब. (वर्षभरात एक पायरी वर चढले, हेही सांगायला हवं.)

इतकी वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं: मालक लांब बसले की असंच होणार. पण काकांशी बोलताना ते पटेना. वॉकर तरी कुठे गावात राहायचा? तो कर वाचवायला जर्सी बेटावर राहायचा. पैसा म्हणाल तर वेंकीजनीही ओतलाय, वर्षानुवर्षं तोटा भरून काढलाय. मँचेस्टर युनायटेड घेताना २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने घेतलेल्या कर्जाचा मोठा बोजा क्लबच्याच डोक्यावर टाकला, तसं यांनी केलेलं नाही. मग? काका म्हणाले, "जॅक चुकला असता तर गावातल्या कोणीही त्याला तोंडावर सांगितलं असतं. यांना सांगायचं कुणी आणि कुठे?"

यावर मी काय बोलणार. आपण फोनची कंपनी आवडली नाही तर नंबर पोर्ट करतो. काकांच्या वडिलांनी त्यांना सातव्या वर्षी ईवूड पार्कला नेलं, आता ते क्लब पोर्ट करून बर्नलीला जाणार का? (हे मी गमतीत विचारलं. पुन्हा विचारणार नाही.)

वर परत आपल्याकडच्या भानगडी. २०२३ मध्ये इथल्या एका चौकशीमुळे क्लबला पैसे पाठवायला मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला पोरगा, सहाव्या वर्षापासून क्लबमध्ये. त्याच उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या युरोच्या संघात होता. काका हे सांगत होते आणि मी माझा कॅमेरा बंद करावा का असा विचार करत होतो. मी काही वेंकीजचा कोणी लागत नाही. पण नववीत "आमची टीम" म्हणून मिरवलं होतं ना, मग आता अंग कसं काढून घ्यायचं?

असो. कॉल सुरू व्हायच्या आधी काका म्हणाले, जमलं तर त्या ऑफिसचा एक फोटो पाठव. चौदा-पंधरा वर्षं ज्यांच्याबद्दल बोलतोय, ते बसतात कुठे ते एकदा बघायचंय.

आज सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा गाडी कडेला घेतली. रविवार, सगळं शांत. फाटक बंद, वॉचमन पेपर वाचत होता. त्याने विचारलं, "काय पाहिजे?" म्हटलं, काही नाही. रस्त्याच्या पलीकडून एक फोटो काढला आणि काकांना पाठवला. तिकडे पहाट असणार, पण लगेच उत्तर आलं.

"बेल कुठे आहे?"