साठ आरसी

सुऱ्या बनवणाऱ्यानं पोलादाची कठीणता मोजायचं मशीन घ्यावं का, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं. आपल्या लोहारानं कधी मशीन वापरलं का? कमानपाट्यातून ऊसतोडीचा कोयता घडवायचा, पाणी द्यायचं, कानस फिरवून बघायची. घसरली तर कडक, चावली तर कच्चं. हे मी अशा ठसक्यात सांगायचो, जणू माझ्या तीन पिढ्या ऐरणीवर गेल्यात. प्रत्यक्षात मी नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी भट्टी पेटवणारा माणूस. शिकलो तेही व्हिडिओ बघून.

आणि तरी प्रत्येक सुरीसोबतच्या कार्डावर मी छापत होतो : ‘ईएन ३१ पोलाद, ६० एचआरसी’, म्हणजे रॉकवेल सी मापात कठीणता साठ.

हे साठ आले कुठून? तक्त्यातून. ईएन ३१ हे बेअरिंगचं पोलाद. नीट तापवून तेलात विझवलं आणि हलकं टेम्पर केलं, तर ते साठीच्या आसपास जातं. त्यातलं ‘नीट’ मी सोडून दिलं आणि आकडा तेवढा उचलला. मशीन नको म्हणणारा माणूस मशीनचाच आकडा विकत होता. मला ते दिसत नव्हतं, असं म्हणणं सोयीचं आहे. खरं म्हणजे मला मोजायची धास्ती होती. महागाईचं आणि परंपरेचं कारण लोकांना सांगायला बरं पडायचं.

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये वेगळ्याच कामाला गेलो होतो. पिशवीत मूठ न बसवलेली दोन-तीन पाती होती. कौतुक करून घ्यायलाच नेली होती, लपवायचं काय. तिथे एक पोरगा पिना तपासत बसला होता. त्यानं हात पुढे केला, “आणा की दादा, आरसी बघू.” नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

त्यानं पात्याचा मुठीकडचा सपाट भाग मशीनच्या टेकूवर ठेवला आणि चाक फिरवून वर घेतला. लहान काटा ठिपक्यावर आला, म्हणजे दहा किलोचा पहिला भार बसला. तबकडी शून्यावर जुळवून त्यानं दांडी सोडली. दीडशे किलोचा पूर्ण भार हिऱ्याच्या टोकावर यायला लागला. आत तेलाचा दट्ट्या असल्यामुळे काटा दमानं सरकतो. तो थांबेपर्यंत माझी नजर हलली नाही. दांडी मागे गेली, काटा परत फिरला आणि थांबला.

“पंचावन्न.”

मी म्हटलं, कडेला घेतलंस, जरा मध्ये घे. छप्पन्न. दुसरं पातं, चोपन्न. मग मी विचारलं, मशीन बरोबर आहे ना तुमचं? तो काही बोलला नाही. शेजारचा टेस्ट ब्लॉक उचलला आणि त्यावर टोचून दाखवलं. ब्लॉकवर कोरलेला आकडा तबकडीवर आला. तरी मी गप्प बसलो नाही. भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळतो, कातडं मऊ पडतं, असं त्याला शिकवायला लागलो. गोष्ट खरी आहे, पण त्या वेळी मला शास्त्राशी काही देणंघेणं नव्हतं, फक्त सुटायचं होतं. त्यानं पात्याच्या दोन्ही बाजू बेल्टवर घासल्या, पुसल्या आणि पातं पुन्हा ठेवलं. छप्पन्न.

रॉकवेल सी मापात एक आकडा म्हणजे हिऱ्याची ०.००२ मिलिमीटर खोली. साठ आणि छप्पन्नमध्ये ०.००८ मिलिमीटरचं अंतर. माझा सगळा तोरा तेवढ्यात मावला.

घरी येऊन कारणं शोधली, ती लाजिरवाणी निघाली. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की पातं तेलात, हा माझा नियम. चुंबक सुमारे ७७० अंशांना सोडतं. ईएन ३१ ला त्याहून बरंच वर, साधारण ८२० ते ८४० पर्यंत न्यावं लागतं आणि तिथे थोडा वेळ धरावं लागतं, तेव्हा त्यातली क्रोमियमची कार्बाइडं पुरेशी विरघळतात. माझी पाती अर्धकच्ची विझत होती. माझी कानसही झिजलेली, तिला पंचावन्न आणि साठ सारखेच. कोयत्याचा दाखलाही उलटाच होता. कोयता मुद्दाम मऊ ठेवतात, फडात बसून कानशीनं धार लावता यावी म्हणून. लोहाराची पारख त्याच्या कामाला चोख होती. मी तिच्या आडून दुसराच माल खपवत होतो.

मग परवडणारं यंत्र शोधायला लागलो. पहिला मोह पेनासारख्या डिजिटल टेस्टरचा. तो लीब पद्धतीचा असतो. छोटा गोळा आपटून किती वेगानं उसळतो, त्यावरून कठीणता काढतो. मोठ्या डायसाठी उत्तम. पण वस्तू पाचेक किलोपेक्षा हलकी असली की तिला भक्कम आधार हवा, आणि माझं पातं दोनशे ग्रॅमचं. ते थरथरतं, उसळी खातं आणि भलताच आकडा दाखवतं. पडद्यावर दशांशासकट आला म्हणून तो खरा ठरत नाही. त्यापेक्षा ४० ते ६५ पर्यंत पाच-पाचच्या टप्प्यांतल्या कठीणतेच्या कानशी बऱ्या. साठची चावते आणि पंचावन्नची घसरते, एवढं तरी प्रामाणिकपणे कळतं.

शेवटी जुनं, हातानं चालवायचं रॉकवेल मशीनच घ्यायचं ठरवलं. मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजी या पट्ट्यात ही मशीनं बनतात, म्हणजे दुरुस्ती दाराशी. रॉकवेल आडनावाच्या दोघांनी १९१४ मध्ये अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या बेअरिंग कारखान्यात काम करताना या यंत्रासाठी पेटंटचा अर्ज केला, तो बेअरिंगची कडी झटपट तपासता यावीत म्हणून. म्हणजे यंत्र मुळातच माझ्या पोलादाच्या जातकुळीचं. पातळ पात्यालाही ते चालतं. साठला खोली ०.०८ मिलिमीटर, तिच्या दहापट जाडी असली की पुरे. फक्त उतार घासायच्या आधी, दोन्ही बाजू सपाट असतानाच मोजायचं.

पाहिलेल्या एका मशीननं माझ्या छप्पन्नच्या पात्याला एकोणसाठ दिले. मी सुखावलो. खिशाकडे हातही गेला होता. मग सोबत नेलेला ब्लॉक काढला, तर त्यालाही तीन आकडे जास्त. हिऱ्याचं टोक बोथट झालं होतं. ते कमी रुततं म्हणून आकडा चढतो. खोट्या एकोणसाठावर मी किती चटकन भाळलो, हे त्या दिवशी मला भट्टीतल्या चुकांपेक्षा जास्त लागलं. नवा हिरा बसवून घेण्याच्या अटीवर तेच मशीन घासाघीस करून घेतलं.

आता जुन्या गिऱ्हाइकांना फोन करतोय. एक बाई म्हणाल्या, “अहो, छान चालतेय की सुरी, परत कशाला पाठवू?” चुकीचं नाही त्यांचं. कितीतरी जर्मन सुऱ्या याच पंचावन्न-छप्पन्नमध्ये असतात. मी मात्र पैसे साठचे घेतले होते. सुरी परत नको असेल तर फरकाचे पैसे देतो म्हणालो, त्या हसल्या. हॉटेलात काम करणाऱ्या दोघांचे फोन मी मागे ठेवलेत. ते विचारतील, मोजलं नव्हतं तर छापलं कशाला, आणि त्यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.