न कळत

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कपाशी गुडघ्याला लागली होती. रविवारी गावी गेलो तर धाकटा भाऊ पान उलटं करून बघत बसलेला. "भाईजान, ही नवीनच कीड दिसते." पानाखाली मावा होता आणि त्यातून एक काळपट अळी फिरत होती. पाठीवर नारिंगी ठिपके, चिमुकल्या मगरीसारखी. घरात शिकलेला मी. म्हणालो, "वाट कसली बघतोस? फवारून टाक."

चार दिवस शेत स्वच्छ दिसलं. तिसऱ्या आठवड्यात मावा पहिल्यापेक्षा जास्त आला. पानं चिकट झाली. पुन्हा औषध आणलं, तेही उधारीवर.

पुढे तालुक्याला एका तक्त्यावर तीच अळी दिसली. खाली लिहिलं होतं : मित्रकीटक. पोरं तळहातावर घेऊन खेळतात त्या लाल ढालकिड्याचं ते पिल्लू. मावा हेच त्याचं खाणं.

हिशेब साधा आहे. माव्याची मादी नराशिवाय पिल्लं देते आणि ती आठवडाभरात वयात येतात. ढालकिड्याला अंड्यापासून मोठं व्हायला तीन-चार आठवडे लागतात. सरसकट विष फवारलं की दोघे मरतात, पण मावा आधी परततो. क्रायसोपा, कोळी, मधमाशी, कुणालाच ते विष वेगळं ओळखत नाही. माणसालाही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले.

कुरआनात मधमाशी, मुंगी आणि कोळी यांच्या नावाच्या सूरा आहेत : नहल, नम्ल, अनकबूत. हजरत सुलैमान यांचं लष्कर येताना पाहून मुंगी इतर मुंग्यांना बिळात जायला सांगते, हा किस्सा मी वर्गात कितीदा सांगितलाय. ते आपल्याला मुद्दाम तुडवतील, असं ती म्हणत नाही. न कळत तुडवतील, ही तिची भीती. माझ्या शेतात नेमकं तेच झालं, आणि हुकूम माझा होता.

यंदा भावाने कपाशीच्या कडेने चवळी लावली. चवळीवर मावा येतो, त्यामागे ढालकिडे येतात आणि तिथे वाढून कपाशीत उतरतात. फवारणीआधी आता तो पानं उलटून बघतो. गरज पडली तर आधी निंबोळी अर्क. गुलाबी बोंडअळीचा प्रश्न याने सुटत नाही, शेजारच्या शेतातलं औषध वाऱ्याने येतं तेही थांबत नाही.

तरी परवा त्याचा फोन आला. "भाईजान, त्या मगरी आल्यात चवळीवर. हात लावला नाही."