‘युटिल्स’चा डबा

ज्या घरांत ‘असूं द्या, कधीं तरी उपयोगीं पडेल’ अशा वस्तूंचा एक डबा नाहीं, असें घर वाचकांनीं पाहिलें असल्यास आम्हांस अवश्य कळवावें. सुतळी, जुन्या किल्ल्या, मोडक्या छत्रीची काडी सारीं त्यांत नांदतात. हवी ती वस्तु मात्र सांपडत नाहीं. ज्याचा मूळ मजकूर कोणासही पाहतां व बदलतां येतो, अशा मुक्त सॉफ्टवेअरच्या कामांत आमचीं कांहीं वर्षें गेलीं. तेथेंही हा डबा आहेच. त्याचें नांव ‘युटिल्स’.

तारीख मांडणें, अक्षरें जुळविणें, अशीं दहा ठिकाणीं लागणारीं बारीक कामें एकदांच लिहून समाईक ठेवावीं, हा हेतु स्तुत्य खरा. पण नांवांतच अर्थ नसल्यानें नवा येणारा आंत न पाहतां तेंच काम पुन्हां लिहितो. गो भाषेच्या जाणत्यांनीं ‘युटिल’, ‘कॉमन’ हीं नांवें टाळावयास सांगितलें आहे, तें आम्हांस मान्य आहे. अक्षरांचें सामान अक्षरांच्या खणांत, तारखांचें तारखांच्या.

मग प्रत्येक कामाची निराळी पुडी बांधावी काय? जावास्क्रिप्टच्या जगांत तेंही झालें. ‘लेफ्ट-पॅड’ ही अवघ्या ११ ओळींची पुडी; मजकुराच्या डावीकडची जागा भरावयाची, एवढेंच तिचें काम. मार्च २०१६ मध्यें दुसऱ्याच एका पुडीच्या नांवावरून तंटा झाला, आणि कर्त्यानें रागानें आपल्या साऱ्या पुड्या ‘एनपीएम’ या समाईक भांडारांतून काढून घेतल्या. ज्यांच्या कर्त्यांनीं ‘लेफ्ट-पॅड’चें नांवही ऐकलें नव्हतें, अशीं अनेक कामें जगभर अडलीं. भांडारवाल्यांना ती कांहीं तासांतच परत मांडावी लागली. २०१७ पासून तें काम भाषेनेंच आपल्याकडे घेतलें आहे.

आमच्या लहानशा प्रकल्पांतही हाच वाद निघाला. तरुण सहकाऱ्यांचें म्हणणें, समाईक सामानाचें स्वतंत्र पॅकेज करावें. आम्हीं विचारलें, सांभाळणार कोण? कोणी बोलेना. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें नवें नाहीं. विहिरीचें पाणी सर्वांस हवें, रहाट दुरुस्त करावयास मात्र एकच काका उठतात. येथेंही एक चूक झाली कीं तिच्यावर उभीं असलेलीं सर्व कामें बसतात, आणि अपरात्रीं उठणारा जीव एकच असतो, तोही बिनपगारी.

अखेर ठरलें तें असें: दोन ठिकाणीं लागणारें काम खुशाल दोनदां लिहावें; तिसऱ्या ठिकाणीं लागलें म्हणजेच समाईक खणांत न्यावें, आणि नेणाऱ्यानें आपलें नांव वर घालावें. जुन्या डब्यांत अजून तीनचार कामें पडून आहेत. तीं कोणीं लिहिलीं हें कळत नाहीं, काढलीं तर काय मोडेल हेंही कळत नाहीं. त्यांस तूर्त कोणीं हात लावलेला नाहीं.