साचेवाल्यांच्या शोधात प्रेस्टनला

मँचेस्टरहून प्रेस्टनला जाणारी गाडी बोल्टन आणि चॉर्लीवरून जाते. वाटेत लाल विटांच्या घरांच्या रांगा दिसत राहतात, भिंतीला भिंत आणि पुढचं दार थेट रस्त्यावर. विहीणबाई आणि मी दोघीच निघालो होतो. माझी लेक त्यांच्या घरात दिलेली. नात झाल्यावर तिच्या दोन्ही आज्यांना पूर्वजांचा ध्यास लागला, आणि आधी विहीणबाईंची बाजू बघायची असं ठरलं. त्या मला म्हणाल्या होत्या, "आमच्यात कुणी नाव काढलेलं नाही हं. सगळे गिरणीतले." मी म्हटलं, मग तर जायलाच हवं. माझे वडील परळच्या गिरणीत साचेवाले, म्हणजे यंत्रमाग चालवणारे, होते.

आपल्याकडे पंढरपूरला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलं की उपाध्ये वही उघडून पणजोबा कधी येऊन गेले ते सांगतात. इंग्लंडच्या कष्टकऱ्याला असा उपाध्या नाही. त्याची वंशावळ सरकारच्या शिरगणतीत आणि चर्चच्या नोंदवहीत विखुरलेली असते. शिरगणती १८०१ पासून दर दहा वर्षांनी होत आली, पण घरोघरची नावं देशभर मिळतात ती १८४१ पासून. शंभर वर्षं ही कागदपत्रं बंद ठेवतात, म्हणून १९२१ ची गणती २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ ची महायुद्धामुळे झालीच नाही. चर्चच्या वह्या खूप जुन्या. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३८ साली, थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायचा हुकूम दिला तेव्हापासूनच्या.

प्रेस्टन स्टेशनपासून बो लेनवरचा लँकेशर परगण्याचा दप्तरखाना पायी अंतरावर आहे. आत फक्त पेन्सिल चालते. आम्ही सुरुवात संगणकावर १९११ पासून केली, कारण त्याआधीच्या गणत्यांत दिसतं ते अक्षर गणकाचं. घरोघरी भरलेले फॉर्म तो आपल्या वहीत उतरवून घ्यायचा आणि मूळ कागद पुढे नष्ट केले जायचे. १९११ चे मूळ फॉर्म मात्र राखले गेले. विहीणबाईंच्या पणजोबांनी स्वतःच्या हाताने भरलेला कागद समोर आला. अक्षर मोठं, जपून काढलेलं, ओळीच्या वर चढत गेलेलं. त्या वर्षी विवाहित बायकांबद्दल नवीन प्रश्न होते: लग्नाला किती वर्षं झाली, जिवंत जन्मलेली मुलं किती, त्यांतली आज हयात किती, गेलेली किती. पणजीच्या नावापुढे लिहिलं होतं: नऊ, पाच, चार. व्यवसायाच्या रकान्यात: विणकर, सुती. नऊ बाळंतपणं झालेली चाळिशीची बाई त्या वर्षीही साच्यावर उभी होती. ती चार मुलं आजवर घरातल्या कुणाला माहीत नव्हती. विहीणबाई बराच वेळ पडद्यावरच्या त्या एका ओळीवर बोट ठेवून बसल्या.

साच्यावर उभं राहणं म्हणजे काय, ते बघायला आम्ही बर्नलीला गेलो. गावाबाहेर हार्ल साइकला १८९४ ची क्वीन स्ट्रीट मिल संग्रहालय म्हणून जपली आहे. वाफेच्या इंजिनाचं नाव पीस, म्हणजे शांतता, आणि विणकामाच्या शेडमध्ये तीनशेच्या वर साचे. त्यांतले मोजकेच आमच्यासाठी चालवले, तरी पायाखालची फरशी थरथरायला लागली. धोटा इकडून तिकडे कधी गेला ते डोळ्याला कळत नाही, कानाला फक्त ठोका कळतो. इथल्या बायका ओठांच्या हालचालींवरून बोलणं वाचायच्या. त्या तोंड मोठं करून बोलण्याला इकडे मी-मॉ म्हणतात. विहीणबाईंना एकदम आठवलं की त्यांची आजी घरातही तसंच बोलायची, आणि मुलांना तिची नक्कल करायला आवडायचं. माझे वडील घरात मोठ्याने बोलायचे. आम्हाला वाटायचं, रागावलेत. मुंबईच्या कितीतरी गिरण्यांत यंत्रं लँकेशरमधूनच आली होती. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव गिरणगावातल्या जुन्या कामगारांच्या तोंडी असायचं. त्या शेडमध्ये आम्ही दोघी एकाच घरातल्या वाटत होतो, आणि मला ते खरंही वाटलं.

पुन्हा बो लेन. १८८१ मध्ये तीच पणजी दहा वर्षांची, नावापुढे अर्धवेळ गिरणी कामगार. अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस गिरणी. कायद्याने तेव्हा दहा वर्षांच्या मुलाला तसं कामाला लावता यायचं. १८६१ मध्ये तिचे वडील बारा वर्षांचे आहेत, तुटलेले धागे जोडणारा पोऱ्या. घरात आई, बाप, पाच भावंडं. बाप यंत्रमागावरचा विणकर, वय अडतीस. ही गणती ७ एप्रिल १८६१ च्या रात्रीची. १२ एप्रिलला अमेरिकेत फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी सुरू झाली. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, कापूस यायचा थांबला, आणि लँकेशरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्या घरातल्या सगळ्या कमावत्या माणसांची चूल कापसावर पेटत होती.

१८७१ मध्ये बाप नाही. आई विधवा, परक्या घरची धुणी-सफाई करणारी. विहीणबाईंनी मृत्यूचा दाखला आधीच मागवून ठेवला होता: जानेवारी १८६४, क्षय, वय एक्केचाळीस. कापसाच्या या दुष्काळाने मारलं असं दाखल्यावर लिहिलेलं नाही आणि मीही तसं म्हणणार नाही. पण त्या हिवाळ्यात त्या घरात काय शिजत असेल, याचा अंदाज बांधता येतो.

दुपारी आम्ही एव्हनहॅम पार्कमध्ये बसलो. रिबल नदीच्या काठची ही बाग आणि शेजारची मिलर पार्क याच दुष्काळात तयार झाली, बेकार गिरणी कामगारांच्या हातांनी. मदत हवी तर खणा, माती वाहा, अशी रीत होती. विणकराची बोटं फावड्यावर. आणि त्याच वर्षांत मुंबईत पैशांचा पूर आला होता. अमेरिकन कापूस बंद झाल्यावर गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस घ्यावा लागला. लँकेशरचे कामगार त्याला सरसकट सुरत म्हणत आणि त्यावर चिडत, कारण आखूड तंतूचा तो धागा सारखा तुटायचा, कापड कमी निघायचं आणि मजुरी घसरायची. इकडे खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या काळातल्या कापसाच्या आणि शेअरच्या व्यापारात प्रेमचंद रायचंद मोठे झाले. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर बघत मी कॉलेजचे दिवस काढले. मी हे सांगितलं तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "म्हणजे आमचं काम गेलं तेव्हा तुमच्याकडे घड्याळाचा मनोरा झाला." त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मी एवढंच म्हटलं की तो पैसा माझ्या पणजोबांपर्यंतही पोचला नव्हता.

क्षयाने गेलेल्या त्या विणकराचा माग काढताना १८४१ ने आम्हाला अडवलं. त्यात त्याचं वय पंधरा, आणि १८५१ मध्ये अठ्ठावीस. मग दप्तरातल्या बाईंनी खुलासा केला की १८४१ मध्ये पंधराच्या पुढची वयं पाचाच्या पाढ्यात खाली ओढून लिहायला सांगितली होती. अठराचा मुलगा पंधराचा झाला. म्हणजे १८४२ च्या ऑगस्टमध्ये तो एकोणीस-वीसचा, प्रेस्टनमध्येच. १३ ऑगस्टला ल्यून स्ट्रीटवर संपकऱ्यांवर सैन्याने गोळ्या झाडल्या आणि चौघे मेले. तिथे आज दगडी स्मारक आहे. तो त्या गर्दीत होता का, हे कुठल्याच कागदात नाही. संपात महिनोन्‌महिने घरी बसलेले वडील मी पाहिले आहेत, म्हणून त्या स्मारकापाशी माझे पाय अडले.

१८५१ च्या गणतीत जन्मगावही लिहिलेलं असतं. त्याच्यापुढे होतं: वॉल्टन-ल-डेल. रिबलच्या पलीकडे, टेकडीवर सेंट लेनर्ड चर्च. त्याच्या नोंदवहीच्या फिल्मवर १८२२ चा बाप्तिस्मा मिळाला. १८१३ पासून छापील रकाने आले, त्यांत बापाचा धंदाही लिहितात: विणकर. हा घरातल्या हातमागावरचा. पण त्याच आईबापांच्या मुलाचा त्याच नावाने आणखी एक बाप्तिस्मा १८२० चा होता. दफनाच्या वहीत शोधलं तर १८२१ मध्ये तेच नाव, वय आठ महिने. मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायची इथे रीतच होती. जॉन, थॉमस, विल्यम यांच्या गर्दीत हे बाळ सापडलं याचं विहीणबाईंना इतकं समाधान झालं की त्यांनी त्याला आपल्या तक्त्यात वेगळी चौकट दिली. गेलेल्या चार मुलांनाही दिली, नावांची जागा रिकामी ठेवून.

आईबापांचं लग्न १८१६ चं. पाद्र्याने नावं लिहिली आहेत आणि प्रत्येकापुढे एकेक फुली. आपल्याकडे जुन्या कागदांवर कुणबी निशाणी म्हणून नांगर काढत. नवऱ्याची फुली ठसठशीत, नवरीची तिरकी आणि पुसट, जणू लेखणी हातात घ्यायची ती पहिलीच वेळ. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईच्या हातचं एवढंच जगात उरलं आहे.

चर्चच्या आवारात आम्ही तासभर फिरलो. दगड आहेत ते जमीनदारांचे, गिरणीमालकांचे, पाद्र्यांचे. विणकरांच्या थडग्यांवर दगड बसवायला पैसे कुणाकडे होते? गवत मात्र नीट कापलेलं होतं.

त्या लग्नाच्या नोंदीत नवरी याच पॅरिशची आहे आणि नवरा ब्रिंडल पॅरिशचा. ब्रिंडल तिथून फार लांब नाही. विहीणबाईंनी दप्तरातल्या बाईंना ब्रिंडलच्या १७९० च्या आसपासच्या बाप्तिस्म्याची फिल्म काढून ठेवायला सांगितली, पेन्सिलीला टोक केलं आणि मला म्हणाल्या, "उद्या लवकर निघू या."