दोन कऱ्हाड

आजी आमच्याच महाविद्यालयाची विद्यार्थिनी. आपला ‘कऱ्हाडची वाट’ हा लेख वार्षिक अंकात छापून आला होता, असे ती नेहमी सांगते. साल मात्र तिला आठवत नाही. आम्ही काही विद्यार्थ्यांनी जुन्या अंकांची सूची करून ती शोधण्यासाठी पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा मी मोठ्या ऐटीत तिच्यासमोर ‘कऱ्हाड’ टाइप केले. उत्तर आले : ‘एकही लेख नाही.’ आजी चष्मा पुसत म्हणाली, “असेल बाई, माझंच चुकत असेल.” ते मला फार लागले.

प्रोग्रॅम डॉकरच्या कंटेनरमध्ये चालत होता. कंटेनर म्हणजे बंद खोलीच. तिच्या फायली वेगळ्या, नेटवर्क वेगळे. बाहेरून तर्क करण्यात दोन रात्री गेल्या. शेवटी व्हीएस कोड या एडिटरचा डीबगर आत जोडायचे ठरवले.

आत डीबगपाय सुरू केले, तर ते १२७.०.०.१ या पत्त्यावर कान लावून बसले. कंटेनरच्या आत हा पत्ता म्हणजे कंटेनर स्वतःच! बाहेरची हाक तिथे पोचणार कशी? पत्ता ०.०.०.० केला, ५६७८ क्रमांकाचे पोर्ट उघडून कंटेनर नव्याने उभा केला, आणि जोडणी झाली. तरी प्रोग्रॅम थांबवण्यासाठी मी लावलेला लाल ठिपका करडा, पोकळच झाला. ओळ तीच, पण फाईल माझ्याकडे एका फोल्डरात, आत दुसऱ्याच. कोणता फोल्डर कोणाचा, ही जोडी लिहून दिली तेव्हा ठिपका लाल झाला. ‘क’ने सुरू होणाऱ्या नोंदीवरच थांब, अशी अट घालून मी एकेक नोंद पाहत गेले.

अखेर समोर दोन ‘कऱ्हाड’ आले. डोळ्यांना हुबेहूब सारखे. लांबी मात्र एकाची ६, दुसऱ्याची ७! मी टाइप केलेल्या शब्दात ‘ऱ’ अखंड होता, सूचीतल्या शब्दात ‘र’ आणि खालचा नुक्ता असे दोन तुकडे. युनिकोड दोन्ही रूपे एकच मानते; आमच्या प्रोग्रॅमला ते कोणी सांगितलेच नव्हते. तुलनेआधी दोन्ही शब्द एकाच रूपात आणणारी एक ओळ घातली.

लेख निघाला १९७९ च्या अंकात. आजी हसली. “म्हणजे माझं चुकलं नव्हतं तर!”

मला मात्र हसू येईना. यंत्राने नाही म्हणताच, चूक आजीचीच असेल असे क्षणभर मलाही वाटले होते.