काळी एक

पेटीवाल्याला स्वतःचा षड्ज नसतो. बाई काळी चारला गातात, तर काळी चार. पुढच्या बैठकीला बुवा काळी एकला बसले, तर काळी एक. ऐन वेळी कुणाचा घसा धरला आणि ‘आज पांढरी एकच बरी’ म्हणाले, तर तीही. सप्तकातल्या बाराही पट्ट्यांत यमनपासून ललतपर्यंत बोटं सारखीच चालली पाहिजेत, ही आमच्या धंद्याची पहिली अट. अर्धं आयुष्य मी ती पाळली आणि तिचा तोराही मिरवला. एकल वाजवायचं ठरवलं तेव्हा तबलजीने हातोडी उचलून साधा प्रश्न केला, “कुठल्या सुरात लावू?” मला सांगता येईना.

साथ म्हणजे गाणारा जे गातो ते वाजवणं, असं लोकांना वाटतं. तसं वाजवणारे पुष्कळ असतात, बरोबरही वाजवतात आणि तरी गाणं गुदमरतं. गायकाच्या मागे किती अंतर राखायचं, यात सगळं आलं. आलापात जरा जास्त मागे राहायचं, कारण पुढचा स्वर तो अजून शोधत असतो आणि आपण आधीच दाखवून टाकला तर शोधण्यासारखं काही उरत नाही. तानेत जवळजवळ अंगालगत. आणि तो श्वासाला थांबला की आपण सूर धरून ठेवायचा. मधे खंड पडला हे श्रोत्याला कळता कामा नये. मी ज्या बाईंच्या साथीला वर्षानुवर्षं बसलो, त्यांचा उजवा खांदा श्वास घेण्याआधी किंचित उचलला जाई. मैफलभर माझी नजर पट्ट्यांवर नसे, त्या खांद्यावर असे. दरबारीचा गांधार त्या झुलवू लागल्या की मी ऋषभावर थांबून राही. ते आंदोलन पेटीतून निघत नाही, आणि त्यांच्या गांधारावर आपला सपाट गांधार चढवणं हा शुद्ध दांडगेपणा. न वाजवण्याचं मानधन देणारा असा दुसरा व्यवसाय मला माहीत नाही.

त्याहून कडक शाळा लेहऱ्याची. तबल्याचं एकल असलं की चंद्रकंसातली एकच ओळ, त्रितालाच्या सोळा मात्रांत बसवलेली, तासभर फिरवत राहायची. तबलजी कायदा उलगडतो, रेला सोडतो, चक्रदार घेऊन समेपाशी हुलकावणी देतो. आपण मात्र जागचं हलायचं नाही. टाळ्या त्याला पडतात, आणि त्या त्याच्याच असतात. पण लय हाडात मुरते ती इथेच.

पेटी आजवर एकटी वाजलीच नाही, असं मुळीच नाही. गोविंदराव टेंबे (1881–1955) भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसत आणि स्वतंत्रही वाजवत; 1911 च्या ‘मानापमान’च्या चालीही त्यांच्याच. गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर हे साथीतले मोठे लोक, आणि तिघांनीही एकल वादन केलं. मनोहर चिमोटे यांनी तर वाद्याला ‘संवादिनी’ हे नाव देऊन एकल वादनालाच वाहून घेतलं. तरी पेटीकडे पाहायची नजर उपऱ्याकडे पाहावं तशीच राहिली. परदेशातून आलेली, मींड नसलेली, बारा ठरीव स्वरांत अडकलेली. 1940 मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, ती सैल व्हायला 1971 उजाडलं. माझ्या आधीच्या पिढीतले कितीतरी उत्तम वादक रेडिओच्या दारातून आत जाऊच शकले नाहीत. आक्षेप मात्र खोटे नव्हते, हे पेटीवाल्यानेच कबूल केलेलं बरं.

मी एकटा वाजवू लागल्यावर बाई एकदा ऐकायला आल्या होत्या. मारुबिहाग वाजवला. कार्यक्रमानंतर त्या म्हणाल्या, “अरे, तू स्वतःचीच साथ करतोयस.” त्यांचं म्हणणं असं की मी एक स्वरवाक्य वाजवतो आणि लगेच तेच हलक्या हाताने पुन्हा वाजवतो. ध्वनिमुद्रण लावून पाहिलं. खरंच, प्रत्येक आलापामागे त्याची सावली. गाणारा नव्हता, म्हणून आधी त्याची जागा मी घेत होतो आणि मग परत माझ्या जागेवर येऊन बसत होतो. शिवाय कुठे पोकळी म्हणून नाही. सूर धरून ठेवायची सवय इतकी पक्की की श्रोत्यांना श्वास घ्यायलाही फट सापडू नये.

इथे डाव्या हाताचा विषय येतो. पेटी शिकवताना सगळं लक्ष उजव्या हाताकडे, डावा हात जणू पाणी शेंदायला ठेवलेला गडी. साथीत ते चालून जातं. तिथे भाता एकसारखा, बेताचा दाब ठेवून चालवायचा असतो. एकल वादनात मात्र वाद्याचा गळा म्हणजे भाताच. षड्ज लावला आणि दाब हळूहळू सोडला की स्वर विरत जातो. पट्टीवर बोट तसंच आणि भाता क्षणभर रोखला की पुढचा स्वर उच्चारल्यासारखा येतो. हे मी उतारवयात शिकलो, पहाटे, उजव्या हाताचं एकच बोट एका पट्टीवर ठेवून. घरच्यांना वाटलं, पेटी बिघडली.

आणि षड्ज? पट्ट्या चाळून शेवटी काळी एकवर आलो. कारण अगदी बोटांचं आहे. काळी एकला सा धरला की शुद्ध स्वरांतले गांधार आणि निषाद तेवढे पांढऱ्यावर येतात, बाकीचे काळ्यांवर. मध्यमावरचं बोट काळ्या पट्टीच्या कडेवरून गांधारावर घसरवता येतं, षड्जावरचं निषादावर. दोन्ही स्वर क्षणभर एकमेकांत मिसळतात आणि कानाला मींडेचा भास होतो. भासच तो, मींड नव्हे. पण बिहागात म-गचं उतरणं असं घसरून आलं की समोरची एखादी मान हलते. दरबारी मी एकटा वाजवत नाही. हंसध्वनी, किरवाणी, नटभैरव हे राग पेटीला मानवतात, आणि न मानवणारे राग हट्टाने वाजवणं ही मला मर्दुमकी वाटत नाही.

पट्टी पक्की झाली, मग गांधाराचं काय, हा प्रश्न आला. नेहमीच्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे शुद्ध गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा 14 सेंट चढा लागतो. सबंध सप्तक 1200 सेंटांचं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज सनदी अधिकारी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच श्रुतींच्या पेटीचा खटाटोप केला होता, तो याच दुखण्यापायी. साथीदाराला हे दुखणं सोसावंच लागतं. एका षड्जाला धरून सूर नैसर्गिक करून घेतले की दुसऱ्या षड्जाला ते बेसूर होतात, आणि त्याला तर रोज नवा षड्ज.

मी पेटी कारागिराकडे नेली. त्याने वरची फळी काढली, पितळी सूर एकेक करून बाहेर घेतला. सुराची पाती टोकाशी खरवडली की स्वर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. तंबोरा चालू ठेवून तो गांधाराच्या पातीचं बूड कानसीने अगदी हलकं घासायचा, सूर जागेवर बसवून वाजवून पाहायचा, पुन्हा काढायचा. मधेच थांबून म्हणाला, “साहेब, घासलेलं पितळ परत येत नाही. ही पेटी मग कुणाच्या साथीला नेता येणार नाही, बघा.” मी म्हटलं, घास. गांधार तंबोऱ्यात मिसळला तेव्हा दोन स्वरांमधली ती बारीक थरथर नाहीशी झाली. इतकी वर्षं ती मला ऐकू येत होती, पण तिला मी पेटीचा स्वभाव समजत होतो.

साथीसाठी दुसरी पेटी आहे. अजूनही बोलावणं आलं की जातो, आणि आवडीने जातो. एक-दोन तरुण गायकांनी सुचवून पाहिलं की माझी साथ हल्ली जरा बोलकी झाली आहे. असेल. भरणा कमी झाला आहे, एवढं मला ठाऊक आहे.

हल्ली शिकायला येतात ती मुलं थेट एकलच मागतात. मी त्यांना आधी लेहरा देतो, मग आमच्या भागातल्या भजनी मंडळात साथीला पाठवतो. त्यातल्या एका मुलीने परवा विचारलं, “सर, गाणारे आधी कुणाची साथ करून मग गायला बसतात का?” प्रश्न बिनतोड होता. सतारीला, बासरीला हे कुणी विचारत नाही. पेटीलाच का, याला जुन्या सवयीपलीकडे कारण सापडत नाही. तरी तिला भजनाला पाठवलं. मंडळाच्या बुवांची तक्रार आली की पोरगी त्यांच्या आधीच पुढची ओळ वाजवून मोकळी होते. मी म्हटलं, “बुवा, घ्या जरा सांभाळून.”