वजन आणि ओझे

मराठीत 'वजन उचलणारा' म्हटले की दोन माणसे डोळ्यांपुढे येतात. एक व्यायामशाळेतला, दुसरा बाजारातला हमाल. 'रोज प्रथिने किती हवीत?' हा प्रश्न मात्र पहिल्याच्याच बाबतीत विचारला जातो. मी स्वतः या पहिल्या वर्गातला. म्हणून ही विषमता मला अधिक बोचते.

प्रश्नाचे उत्तर तसे सरळ आहे. २०१८ साली ४९ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिने घेतली, तरी स्नायूंच्या वाढीत सरासरीने आणखी भर पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष. सर्वसाधारण भारतीय प्रौढासाठी राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ०.८३ ग्रॅमची शिफारस केली. म्हणजे साठ किलोच्या माणसाला एरवी पन्नास ग्रॅम, स्नायू वाढवायचे तर शहाण्णव. तीनशे ग्रॅम पिठाच्या भाकरी, शंभर ग्रॅम डाळ, अर्धा लिटर दूध, मूठभर शेंगदाणे आणि दोन अंडी यांत ते जवळजवळ भरून निघतात. भुकटीचा महागडा डबा त्यासाठी अनिवार्य नाही.

'प्रथिन' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. १८३८च्या मूळ युरोपीय संज्ञेत 'अग्रस्थानी असलेले' हा ग्रीक अर्थ होता. मराठी शब्दाने ध्वनीबरोबर 'प्रथम'ची आठवणही राखली. या अग्रमानामुळेच की काय, श्रमात स्नायूतली प्रथिनेच खर्च होतात, असे लीबिगसारखा थोर रसायनशास्त्रज्ञ मानत असे. १८६५ साली फिक आणि विस्लिसेनस हे दोघे प्रथिनरहित आहार घेऊन स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न चढले आणि मूत्रातल्या नायट्रोजनवरून त्यांनी दाखवून दिले की चढाईची शक्ती प्रथिनांतून आलेली नव्हती. श्रमाचे इंधन मुख्यतः पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ. प्रथिने लागतात ती झीज भरून काढायला आणि नवे घडवायला.

हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. हमालाची भाकरी त्याला दिवसभर चालवते. पण चालवणे म्हणजे घडवणे नव्हे. स्नायू वाढतो तो श्रमानंतरच्या विश्रांतीत. व्यायामशाळेत मी भार स्वतः ठरवतो, हळूहळू वाढवतो, थकलो की खाली ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सुटी घेतो. पोत्याचे वजन हमालाच्या थकव्याला विचारून ठरत नाही. माझे ते वजन, त्याचे ते ओझे.

महाराष्ट्राच्या १९६९च्या माथाडी कायद्याने या कामगारांसाठी भविष्यनिर्वाह निधीची आणि पगारी रजेची वाट मोकळी केली. आपण तिला कामगारहिताची तरतूद म्हणतो. पण शहाण्णव ग्रॅमांचा हिशेब मांडताना मला वाटते, ती पगारी रजा आहारशास्त्राच्या पुस्तकातही नोंदवायला हवी. ताटातल्या डाळीला अंगी लागायला जो वेळ लागतो, तो कुणाच्या वाट्याला किती येतो, हे ग्रॅमांच्या कोष्टकात कुठेच दिसत नाही.